गाडी धीमी होते ती जागा

भंडारा ते पवनी या रस्त्याचा सातबारा निघत असता, तर त्यावर सरकारचं नाव खाली आणि आमच्या मोसाजींचं नाव वर निघालं असतं. मोसाजी म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. सरकारने रस्ता बांधला, डांबर टाकलं, किलोमीटरचे दगड रोवले, हे त्यांना मान्य होतं. पण रस्ता बांधणं वेगळं आणि ओळखणं वेगळं, असं त्यांचं म्हणणं. "सरकारले हा रस्ता नकाशात माहीत आहे, मले मणक्यात माहीत आहे," असं म्हणून ते कमरेवर हात ठेवत आणि कोणता खड्डा कोणत्या मणक्यात जाऊन बसला आहे ते बोटाने दाखवत. धंदा त्यांचा लाइनचा. भंडाऱ्याच्या ठोक दुकानातून बिस्किटं, सुपारी, आगपेट्या, साबण, गोळ्या भरायच्या आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या ठेल्यांना पुरवत पुरवत पवनी गाठायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सुरुवातीला हे सगळं ते लुनावर करत. पायांत दोन पोती, पाठीला एक, हँडलला पिशव्या. समोरून पाहणाऱ्याला पोत्यांचा एक ढीग चष्मा लावून येताना दिसायचा. पुढे तीनचाकी मालगाडी आली, पण पाय फाकवून बसायची सवय गेली नाही, त्यामुळे घरी पाटावर जेवायला बसले तरी मोसाजी लुनावर बसल्यासारखेच दिसत.

किलोमीटरवर त्यांचा विश्वास नव्हता. अंतर ते दुकानांत मोजत. अड्याळ किती लांब, असं विचारलं की "सहा दुकानं अन् एक बंद पडलेलं," असं उत्तर यायचं. एकदा लाखनीकडच्या वरातीचा ट्रक रस्ता चुकून आमच्या फाट्यावर आला. मोसाजींनी सांगितलं, "सरळ जा, सात दुकानं मोजा, सातव्याच्या बाजूनं आत वळा." आता पानठेला हे दुकान धरायचं की नाही, यावर वरातीत दोन पक्ष पडले. दर ठेल्यापाशी ट्रक थांबे, हे कितवं म्हणून विचारणा होई, आणि थांबलोच आहोत तर चहा होई. नवरदेव मांडवात पोचला तेव्हा मुहूर्त टळून गेला होता आणि त्याचे ओठ पानाने लाल झाले होते. मुलीच्या बापाने मोसाजींना शोधून शिव्या दिल्या. सात दुकानदारांनी मात्र त्यांना आठवडाभर फुकट चहा पाजला.

पण मोसाजींची खरी विद्या वेगळी होती. रस्त्यावर कोणतं दुकान कुठे चालेल, हे त्यांना कळत असे, आणि ज्याला ठेला टाकायचा असेल तो बांबू रोवण्याआधी त्यांच्याकडे येत असे. त्यांच्या मते रस्त्याला दोन बाजू असतात, एक जातानाची आणि एक येतानाची. "माणूस भंडाऱ्याले जाते तेव्हा त्याले साहेबाचं तोंड दिसते. तेव्हा तो दाढी करते, चाय पेते, पान खाते. घरी येते तेव्हा त्याले लेकरायचं तोंड दिसते. तेव्हा तो जिलेबी घेते." फाट्यावर एक जिलेबीवाला जातानाच्या बाजूला बसून माशा हाकलत होता. मोसाजींनी त्याची कढई स्वतः उचलून पलीकडे नेऊन ठेवली, नुसता रस्ता ओलांडला, आणि त्या दिवसापासून संध्याकाळी त्याच्याकडे सायकली टेकवायला जागा उरेना. याउलट सलूनवाल्याला त्यांनी येतानाच्या बाजूवरून हुसकावून लावलं होतं. "घरी जाताना दाढी कोण करते बे? बायको इचारते ना, कोणासाठी केली?"

दुसरा नियम असा की गाडी जिथे धीमी होते तिथे धंदा होतो. मग ती वळणाने होवो, चढाने होवो, की गाईगुरांमुळे होवो. अशी जागा हुडकायला मोसाजी बिस्किटाच्या रिकाम्या डब्यावर छत्री उघडून दिवसभर रस्त्याच्या कडेला बसत आणि गाड्यांचे मागचे लाल दिवे बघत. एकदा सपाट, सरळ, काहीच कारण नसलेल्या एका जागी तीन दिवस सगळे ट्रक हळू होताना दिसले. मोसाजी चक्रावले. जमिनीत काही आहे की काय, इथपर्यंत त्यांचा विचार गेला. तिसऱ्या दिवशी एक ट्रकवाला गाडी कडेला लावून उतरला आणि त्याने अदबीने गाडीचे कागद त्यांच्यापुढे धरले. धूळ दिसू नये म्हणून मोसाजी नेहमी खाकी शर्ट घालत, हे तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. त्यानंतर पाहणीला बसायचं तर पळसाच्या झाडामागे.

आमच्या फाट्यावर एका विधवा काकूचा चहा-आलुबोंड्याचा ठेला होता. ठेल्यासमोर एक खड्डा होता, आणि त्या खड्ड्यापाशी बस हळू व्हायची म्हणून लोक उतरायचे, म्हणून काकूची चूल पेटायची. खड्डा बुजवायला सरकारी माणसं डांबर घेऊन आली, तेव्हा मोसाजींनी त्यांना इतक्या आग्रहाने आलुबोंडे खाऊ घातले, गावच्या तलावाच्या इतक्या गोष्टी सांगितल्या, की डांबर थंड होऊन दगड झालं आणि माणसं ढेकर देत परत गेली. पुढच्या वेळी खाणं चालणार नाही म्हणून त्यांनी बांधकाम खात्याला अर्ज लिहिला. शुद्धलेखन तपासायला माझ्याकडे दिला, मी नववी नापास असून. अर्जात होतं की सदर खड्डा हा जनतेच्या उपयोगाचा असून तो आहे त्या स्थितीत ठेवण्यात यावा, ही नम्र विनंती. साहेब फार हसले म्हणे. खड्डा बुजवला, पण बाजूला शाळा आहे या नावाखाली तिथे एक ब्रेकर टाकून दिला. मोसाजी त्या ब्रेकरला नारळ फोडून आले.

आता हे सगळं मी हसत लिहितोय, पण लिहिताना हाताला घाम येतोय, आणि घाम मला लहानपणापासूनच फार. शाळेत फळ्यासमोर उभं केलं की हातातला खडू ओला व्हायचा. नववीच्या गणिताच्या पेपराला मी शाळेच्या फाटकापर्यंत गेलो आणि तिथून परत फिरलो तो कायमचाच. बाप नव्हता. माय लोकांच्या धानाच्या बांधीत रोवणीला जायची. दोन वर्षं मी घरी बसून होतो, कोणी दार वाजवलं तरी मागच्या खोलीत जायचो. तेव्हा रस्ता रुंद करायचं काम निघालं आणि ठेकेदाराचा तंबू आमच्या शिवारात पडला. मोसाजी मला तीनचाकीत पोत्यांवर बसवून तिथे घेऊन गेले. सुपरवायझर परराज्यातला. त्याने विचारलं, "क्या आता है इसको?" मी काही बोलायच्या आत मोसाजी म्हणाले, "डरता है, साब. डरनेवाला आदमी रोड पे झंडी अच्छी दिखाता है." तो माणूस जो हसला तो हसतच राहिला, आणि मला लाल झेंडी मिळाली. परत येताना मोसाजींना माझा कोण अभिमान! "गाड्या थांबवाचं काम भेटलं तुले! कलेक्टरलेबी इतक्या गाड्या थांबवता येत नाही." मी जिथे झेंडी घेऊन उभा राहायचो तिथे दुसऱ्या दिवशी एक काकडीवाली येऊन बसायची. तिला कोणी पाठवलं हे मला विचारावं लागलं नाही. झेंडीवरून मी पुढे रोलरवर गेलो. आज माझ्या हाताला जे काही काम आहे, ते त्या एका हिंदी वाक्याचं आहे, आणि मी ते विसरलेलो नाही.

म्हणूनच पुढचं सांगणं अवघड जातं. नवा रस्ता आमच्या गावातून जाणार नव्हता. गावाच्या बाहेरून, पाण्याच्या टाकीजवळून वळसा घेऊन तो पुढे जुन्या रस्त्याला मिळणार होता. म्हणजे ब्रेकर जागेवर राहणार आणि त्यावरून जायला गाड्या राहणार नव्हत्या. काकूच्या ठेल्यावर चौघं जमले: काकू, जिलेबीवाला, सलूनवाला आणि पंक्चरवाला. नव्या रस्त्यावर कुठे बसायचं, एवढाच प्रश्न. सगळे मोसाजींकडे बघत होते. नव्या रस्त्यावर अजून गाडीच धावत नव्हती, त्यामुळे त्यांना बसून पाहण्यासारखं काही नव्हतं. "उद्या सांगतो," म्हणून त्यांनी चौघांना लावून दिलं आणि घरी येऊन मला म्हणाले, "बस. आपल्या घरचाच माणूस आहे रस्त्यावर."

गाडी कुठे धीमी होईल, हेच ते मला विचारत होते. एवढा जाणता माणूस मला विचारतोय आणि हसत नाही, असं आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं. दोन रस्त्यांच्या मधला दुभाजक जिथे वळण्यासाठी उघडा ठेवतात, त्याला कामावर आम्ही कट म्हणतो. कटापाशी गाडी धीमी होतेच होते. टाकीसमोर पिवळ्या रंगाने खूण केलेली मी पाहिली होती आणि सुपरवायझर म्हणाला होता, इधर कट आएगा. मी तेवढंच सांगायला हवं होतं. पण मी म्हणालो, "टाकीसमोर."

"नक्की?" मोसाजींनी विचारलं.

"नक्की."

"पाह्य बाबू, चार घरच्या चुली आहे."

"नक्की, मोसाजी."

दुसऱ्या दिवशी ते चौघांना म्हणाले, "टाकीसमोर टाका. माझा शब्द." माझं नाव त्यांनी घेतलं नाही; माल कुठून आणला हे त्यांच्या धंद्यात सांगत नसत. चौघांनी जुन्या जागा सोडल्या, टिनाचे पत्रे हलवले, काकूने नवी चूल घातली. काम चालू होतं तोवर मजूर, डंपरवाले, सगळे तिथेच यायचे आणि चौघंही खुशीत होते. जिलेबीवाल्याने तर दोन्ही बाजूंना दुकान टाकायचं बोलून दाखवलं. मग कोणी मोठे साहेब पाहणीला आले. टाकीपाशी रस्ता वळतो, वळणावर कट ठेवला तर अपघात होतील, असं ते म्हणाले, आणि ते खरंच होतं. कट बंद करून बराच पुढे नेला. टाकीसमोर सिमेंटचे ठोकळे आणून बसवले. बाजूचा भराव दाबायला रोलर लागला. रोलरवर मी होतो. काकूचा ठेला डाव्या हाताला होता. मी उजवीकडे मान करून गाडी चालवली.

रस्ता सुरू झाला आणि त्या जागी गाडी थांबणं सोडा, दिसायच्या आत निघून जायची. चार-पाच दिवसांनी मोसाजी माल घेऊन तिथे आले तेव्हा मीही होतो. काकू उभीच होती.

"मोसाजी, हे काय होऊन राहिलं? तुमच्या शब्दावर उठून आलो ना आम्ही."

सलूनवाला म्हणाला, "जुन्या जागी निदान खुर्चीवर माशी तरी बसे. इथं माशीबी ऐंशीच्या स्पीडनं जाते."

कोणी हसलं नाही. मोसाजींनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला आणि रस्त्याकडे बघून म्हणाले, "चुकलो मी. नजर गेली आता. वय झालं."

मी त्यांना रस्त्याबद्दल चुकलो म्हणताना कधी ऐकलं नव्हतं. मी तोंड उघडलं, "काकू, ते मी..." तेवढ्यात मोसाजी माझ्यावर ओरडले, "तू कायले उभा आहे इथं? जाय, गाडीतून साबणाचा खोका आण!" मी गेलो. पोती सरकवली, डबे खाली काढले, पुन्हा लावले. साबणाचा खोका त्या दिवशी गाडीत नव्हताच. हे मला कळलं तोवर मागे बोलणं संपलं होतं आणि मोसाजी खाली मान घालून येत होते.

वाटेत मी म्हणालो, "चूक माझी आहे, मोसाजी. मी सांगतो त्यायले."

"तुले कोणी सांगतलं होतं कट येईन म्हणून?"

"साहेबानं."

"अन् त्याले?"

"त्याच्या साहेबानं असन."

"मंग त्यायच्या घरी शिव्या द्याले कोण जाईन बे? शिव्या द्याले जवळचा माणूस लागते. मी जवळ आहो." थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, "तू दिवसभर कामावर, तुझी माय एकटी राहते घरी. उद्या चार घरं तिच्या दारात बोलाले उभी झाली तर ते बाई कुठं जाईन? तू गप राय."

मी गप्प राहिलो. सांगितलेलं ऐकणं मला नेहमी सोपं गेलं आहे. काम संपल्यावर ठेकेदार दुसऱ्या राज्यात गेला आणि मी त्याच्याबरोबर. चार वर्षं झाली. आता रायचूरच्याही पुढे आहे. इथली भाषा येत नाही, भाताला चव वेगळी आहे, आणि मी सकाळी रोलरचा ब्रेक तीनदा तपासल्याशिवाय चढत नाही. इथेही आमचा रस्ता एका गावाला वळसा घालून चालला आहे. गावाकडच्या बातम्या मावशी फोनवर सांगायची. पंक्चरवाला जवाहरनगरला गेला. सलूनवाला नागपूरला कोणाच्या तरी दुकानात खुर्चीमागे उभा राहतो. जिलेबीवाल्याने कढई विकली. काकू टोपलं घेऊन अड्याळच्या बाजारात बसते. पुढे जिथे कट झाला तिथे एका नव्या माणसाने ढाबा टाकला, मोसाजींना न विचारता. मोसाजी तो बघून आले आणि मावशीला म्हणाले, "बरोबर जागा पकडली पोट्ट्यानं." नंतर त्यांना कोणीच काही विचारायला आलं नाही. लाइन मात्र ते चालवतात, जुन्याच रस्त्याने. चालू असलेली दुकानं हाताच्या बोटांवर आली आहेत. अंतर विचारलं तर आता ते किलोमीटरमध्ये सांगतात, असं मावशी म्हणाली, तेव्हा मी रेंज नाही म्हणून फोन ठेवला.

यंदा दिवाळीला मी गेलो. घराला कुलूप होतं; माय आता माझ्या लग्न झालेल्या बहिणीकडे नाकाडोंगरीला राहते, जावई खाणीत कामाला आहे. आता आमच्या दारात येऊन कोणी शिव्या देणार तरी कोणाला? बाजाराच्या दिवशी मी मोसाजींना न सांगता अड्याळला गेलो. काकू टोपल्यामागे बसली होती. मी समोर उकिडवा बसलो आणि एका दमात सगळं सांगितलं: खूण, नक्की म्हणालो ते, रोलर, साबणाचा खोका. तिने गिऱ्हाइकाला दोन बोंडे बांधून दिले. मग पदराने हात पुसले.

"मंग त्यायनं सांगतलं काहून नाई?"

"मायसाठी."

"चार वर्षं झाली," काकू म्हणाली. "दर बाजारी येतात बापा ते. तेल लागते का, कागद लागते का, इचारतात. मी उत्तर दिलं अन् तोंड फिरवलं. एक दिवस त्यायले बसा म्हटलं नाई मी." तिने मला शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. बोंडा पुढे केला, तोही मी घेतला, आणि त्याच संध्याकाळी परतीच्या गाडीत बसलो.

पुढच्या बाजाराच्या दिवशी रात्री मावशीचा फोन आला. "आज काकूनं त्यायले पोतं हातरून बसा म्हटलं म्हणते. बसले. घरी येऊन एवढंच सांगतलं. जेवले मात्र पोटभर." मग तिच्या हातातून फोन कोणीतरी घेतला. श्वास ऐकू येत होता.

"तोंड उघडाले तुले कोण सांगतलं होतं बे?"

मी फोन कानाला घट्ट लावला. ते रागावलेत की काय, याचा अंदाज घेत राहिलो. मग आवाज आला, नेहमीचा, ठेल्यांवर माल देतानाचा.

"तिकडचा रस्ता कुठवर आला?"

"अर्धा झाला, मोसाजी."

"अर्धा," ते म्हणाले. "मंग तिथल्या जुन्या रस्त्यावरच्या ठेल्यायले अजून थोडे दिवस आहे म्हणायचे." आणि फोन मावशीकडे दिला.